जनीचे माहेर : गंगाखेड

आषाढाचे वेध लागले की महाराष्ट्राची सारी पायवाट पंढरीकडे वळते. घरोघरी विठ्ठलाचे अभंग घुमू लागतात, दिंड्यांच्या वार्ता कानी येतात आणि ज्यांना जाणे घडत नाही त्यांचे मनही चंद्रभागेच्या वाळवंटात जाऊन बसते. अशा या पुण्यसमयी भाविक वाचकांनी क्षणभर मागे वळून पाहावे, अशी आमची विनंती आहे. कारण सुमारे सातशे वर्षांपूर्वी एक चिमुकली मुलगी बापाचे बोट धरून ज्या गावाहून पंढरीस निघाली, ते गाव आमचे. ते परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेले असून त्याचे नाव गंगाखेड. ती मुलगी म्हणजे नामयाची दासी, संत जनाबाई.

पंढरी ही जनीचे सासर म्हणा, घर म्हणा, की मोक्षभूमी म्हणा. माहेर मात्र गंगाखेडच. आणि माहेराची गोष्ट सांगावयाची तर ती नदीपासूनच आरंभिली पाहिजे. कारण हे गाव नदीने वसविले, नदीने वाढविले आणि आज त्याची परीक्षाही नदीच घेत आहे.

गंगेकाठचे खेड

आमच्या मराठवाड्यात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस विरळा. आबालवृद्ध तिला ‘गंगा’च म्हणतात. ‘गंगेला जाऊन येतो’ असे कोणी म्हटले, तर तो हरिद्वारास निघाला नसून गावाबाहेरच्या घाटावर निघाला आहे, असे समजावे. तिच्या दोन्ही तीरांचा काळ्या कसदार मातीचा पट्टा म्हणजे गंगथडी. संस्कृतात ‘खेट’ म्हणजे लहान वस्ती. त्याचेच मराठीत ‘खेड’ झाले. गंगेकाठचे खेट ते गंगाखेड. नावातच गावाचे सारे कुळगोत्र आले.

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींच्या तपाने ही नदी भूतलावर आली, अशी ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्याची कथा आहे. गोहत्येचे पातक आपल्या माथी आले, या शोकाने व्याकूळ झालेल्या ऋषींनी शंकराची आराधना केली आणि जटेतील गंगा खाली उतरली. म्हणून ती गौतमी, म्हणून ती दक्षिणगंगा. तेथून निघालेला हा प्रवाह सुमारे १,४६५ किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर पूर्वसमुद्रास मिळतो. दक्षिण भारतात इतकी लांब नदी दुसरी नाही. गुरू सिंह राशीस आला की बारा वर्षांनी त्र्यंबक-नाशिकास सिंहस्थ भरतो आणि त्याच गुरुसंक्रमणास तेलंगण व आंध्रातील भाविक ‘पुष्करम्’ म्हणून गोदास्नान करतात. २०१५ साली हा योग आला होता. पुढचा २०२७ साली. भाषा दोन, नावे दोन, पण माय एकच.

गंगाखेड या प्रवाहाच्या दक्षिण तीरावर आहे. परभणीहून दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटर गेले की पूल लागतो आणि पुलापलीकडे गाव दिसू लागते. परभणीहून परळीकडे जाणारा लोहमार्गही येथेच गंगा ओलांडतो. पूल आला की डब्यातील म्हातारी माणसे अजून हात जोडतात आणि खिडकीतून नाणे टाकतात. गावाच्या दक्षिणेस बालाघाटाच्या डोंगररांगा, उत्तरेस नदी आणि मधे काळी भुई, अशी या गावाची ठेवण आहे. पावसाळ्यात डोंगराचे पाणी ओढ्यांनी खाली येते आणि वरून आलेला गंगेचा लोंढा घाटाच्या पायऱ्या गिळीत चढतो. तो पाहताना लहानपणी आमच्या छातीत धडधडत असे. २०२५ सालच्या सप्टेंबरात मराठवाड्याने जो महापूर पाहिला, त्याने नव्या पिढीलाही ती धडधड कळली.

तीर्थांची माळ

गोदेच्या काठाने चालू लागावे, तर जपमाळेतील मण्यांप्रमाणे एकेक तीर्थ हाती येते. त्र्यंबक आणि नाशिक-पंचवटी झाली की चांगदेवांच्या समाधीचे पुणतांबे येते. पुढे नाथमहाराजांचे पैठण आणि त्याच्याच जवळ ज्ञानोबारायांचे आपेगाव. बीड जिल्ह्यात शनिमहाराजांचे राक्षसभुवन आणि सिंदफणा जेथे गोदेस मिळते ते मांजरथ.

त्यानंतर आमचा परभणी जिल्हा लागतो. पाथरी तालुक्यातील मुद्गल येथे मुद्गलेश्वराचे मंदिर काठावर नसून नदीच्या पात्रातच उभे आहे. महापुरात ते पाण्याखाली जाते, पूर ओसरला की पुन्हा वर येते आणि पुजारी चिखल काढून पुन्हा दिवा लावतो. महादेव स्वतःच गंगास्नानास उतरले, असे तेथील भाविक म्हणतात. आमच्या गंगाखेड तालुक्यात धारासूर येथे गुप्तेश्वराचे प्राचीन पाषाणमंदिर आहे. त्याच्या भिंतींवरील सुरसुंदरींच्या मूर्ती पाहताना आठ शतकांपूर्वीच्या त्या हातांस नमस्कार करावासा वाटतो. हे मंदिर जीर्ण होऊन खचू लागले होते. अलीकडच्या वर्षांत राज्याच्या पुरातत्त्व विभागाने त्याच्या जतनाचे काम हाती घेतले. परभणीहून गंगाखेडास येताना वाटेत पोखर्णीचा नृसिंह आहे आणि गंगाखेडाहून पुढे गेले की ज्योतिर्लिंग परळी वैजनाथ. म्हणजे हरी आणि हर या दोघांच्या मधोमध आमचे गाव गंगेच्या काठी बसले आहे.

पुढे पूर्णा तालुक्यात पूर्णा नदी गोदेस येऊन मिळते आणि मग येते नांदेड. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी तेथेच देह ठेवला आणि आपल्यामागे ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. त्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. वाचकांनी हा योग मनात घोळवून पाहावा. दासी जनी जन्मली गोदेच्या काठी. तिचे स्वामी नामदेव परंपरेने नरसीचे. ते गाव १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होते, आज हिंगोलीत आहे. आणि त्या नामदेवांची वाणी त्याच गोदेच्या काठी, नांदेडच्या सचखंडात, शीख बांधवांच्या मुखी नित्य दुमदुमते. नदी नुसते पाणी वाहून नेत नाही, हे यावरून कळावे.

या माळेत गंगाखेडास ‘दक्षिणकाशी’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामागे कारणही आहे. ज्यांना वाराणसीची वाट परवडत नाही असे आसपासचे असंख्य लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येथे येतात. दशक्रिया, पिंडदान आणि अस्थिविसर्जन या घाटावर होते. आमच्या गावात दुःख रोजच्या रोज बाहेरगावाहून येते आणि गंगेला स्वाधीन होऊन परत जाते.

दामा-करुंडाची लेक

अशा या गावात दामा आणि करुंड या नावाचे विठ्ठलभक्त जोडपे राहत होते. शूद्र म्हणून गणलेल्या कुळातले, कष्ट करून पोट भरणारे. त्यांच्या पोटी जनी जन्मली. आईचे छत्र लवकर हरपले आणि बापाने पोरीला पंढरीस नेऊन दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेविले, असे परंपरा सांगते. दामाशेटी आणि गोणाई यांच्या त्याच घरी नामदेवराय वाढले. नामदेवांचा जन्म १२७० सालचा मानतात. जनीने त्यांना अंगाखांद्यावर खेळविले आणि पुढे त्यांनाच गुरू मानले. ज्याला न्हाऊमाखू घातले त्याच्याच पायी मस्तक ठेवावे, एवढा निरभिमानपणा कोणत्या शास्त्राध्ययनाने येतो? आम्ही चाळीस वर्षे ग्रंथ उपसले. आम्हांस तो आला, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

जनीच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. अभंगांखेरीज हरिश्चंद्राख्यान आणि थाळीपाक ही आख्यानेही तिच्या नावे प्रसिद्ध असून पुढे कवी मुक्तेश्वरांना त्यांतून स्फूर्ती मिळाली, असे अभ्यासक सांगतात. आम्हां कीर्तनकारांचे पोट ज्या आख्यानांवर चालते, त्यांच्या उगमापाशी एक दासी बसली आहे, हे आम्ही विसरता कामा नये.

१३५० साली, म्हणजे शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीस, नामदेवरायांनी पंढरीच्या महाद्वारी समाधी घेतली आणि त्याच दिवशी जनीनेही देह ठेवला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. म्हणून आषाढी एकादशीनंतर पंधरवड्यात येणारी ही त्रयोदशी आम्हां गंगाखेडकरांना दुसऱ्या एकादशीसारखीच. नदीकाठच्या जनाबाईच्या मंदिरात त्या दिवशी माहेरवाशिणीची आठवण काढली जाते.

वारीच्या वाटेवरही गंगाखेड आहेच. शेगावच्या गजाननमहाराजांची पालखी नरसी, औंढा नागनाथ, परभणी, दैठणा असे मुक्काम करीत गंगाखेडास येते आणि परळीकडे जाते. नरसी नामदेवांची, औंढा त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले ते स्थान, आणि गंगाखेड जनीचे. विदर्भातून निघालेले वारकरी नामदेवांच्या गावाहून जनीच्या गावास येतात आणि तिने ज्या दिशेस पाऊल टाकिले त्याच दिशेस पुढे जातात. पालखी पुलावर आली की दोन्ही काठांवर जो गजर होतो तो ऐकताना दरवर्षी आमचे डोळे भरून येतात. त्या गर्दीत एखादी लहान मुलगी बापाच्या खांद्यावर दिसली की आम्हांस वाटते, जनी निघाली.

जाते, घागर, केरसुणी

जनीची थोरवी कशात आहे? इतर संतांनी देवास राउळात गाठले, समाधीत गाठले, तीर्थयात्रेत गाठले. जनीस यांतले काही करण्यास सवडच नव्हती. पहाटे दळण, मग सडा, मग झाडलोट, मग पाणी, मग धुणे, मग गोवऱ्या. दासीला एकांत कोठला आणि आसन कोठले? तेव्हा तिने देवालाच कामावर बोलाविले. तिच्यासंगे विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो, पाणी भरतो, शेण वेचतो, केर भरून उकिरड्यावर टाकतो. पंढरीजवळ गोपाळपुरास जनाबाईचे जाते आणि तिचा संसार म्हणून वस्तू दाखवितात. भाविक त्या जात्यास हात लावून फिरवितात. राजाचे सिंहासन पाहण्यास लोक जातात ते कुतूहलाने. दासीचे जाते पाहण्यास जातात ते डोळे पुसत.

गोवऱ्यांची कथा कीर्तनात आम्ही नेहमी सांगतो. कबीर जनीची कीर्ती ऐकून भेटीस आले, तो ती दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होती. ‘माझ्या गोवऱ्या हिने घेतल्या,’ असे म्हणत होती. ‘एकसारख्या गोवऱ्या, ओळखाव्या कशा?’ असे कबीरांनी विचारले. जनी म्हणाली, ‘कानाला लावून पाहा. ज्यांतून विठ्ठल ऐकू येईल त्या माझ्या.’ कथा इतिहासाच्या काट्यावर तोलण्याची नव्हे. तिचे मर्म घ्यावे. थापताना हाताने जे नाम घेतले ते शेणातही उतरले, हे ते मर्म.

आमची आई पहाटे चारला जात्यावर बसे. अंधारात जात्याची घरघर सुरू झाली की तिच्या मांडीवर डोके ठेवून आम्ही अर्धवट झोपेत ओव्या ऐकत असू. त्यांत सीता येई, भाऊ येई, पंढरीची वाट येई आणि जनी तर हटकून येई. तिला अक्षरओळख नव्हती. पण जनीचे चरित्र आम्ही प्रथम तिच्याकडून ऐकिले. ग्रंथ पुढे आले. गावात पिठाची गिरणी आली आणि जाती कोपऱ्यात गेली. बायांच्या खांद्याचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. त्या ओव्या मात्र जात्याबरोबरच जायच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेविल्या, म्हणून त्यांतील पुष्कळ वाचल्या. हे कामही जनीच्या पंगतीतलेच म्हटले पाहिजे.

उन्हाळ्यातली गंगा

येथवर जे सांगितले ते आम्ही कीर्तनात अनेकदा सांगितले आहे. आता जे सांगावयाचे ते सांगताना जीभ जड होते. परंतु सणाच्या दिवशी केवळ गोड तेवढे बोलावे, ही रीत संतांची नव्हे.

आमच्या बालपणी वैशाखातही गंगेस पाणी असे. धार बारीक होई, पण वाळूत हातभर झिरा उकरला की निवळशंख पाणी वर येई. बाया नारळाच्या वाटीने ते घागरीत भरीत. वाळू म्हणजे नदीची गुप्त कोठी होती. पावसाळ्यात भरायची, उन्हाळ्यात हळूहळू द्यायची.

मग वर पैठणास जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. नाथसागराच्या डाव्या कालव्याचे २०८ किलोमीटर अंतर आमच्या परभणी जिल्ह्यापर्यंत येते आणि त्या पाण्यावर कोरडवाहू शिवारात ऊस, कापूस, गहू उभा राहिला. त्याचे ऋण आम्ही नाकारीत नाही. त्या पाण्याची भाकर आम्हीही खाल्ली आहे. पण जे पाणी कालव्याने शेतात गेले ते पात्रातून आले नाही, हेही खरेच. पुढे पात्रातही ढालेगाव, तारूगव्हाण, मुद्गल, मुळी, दिग्रस असे बंधारे झाले. त्यांच्या फुगवट्याला पाणी राहते. इतरत्र उन्हाळ्यात उघडी खडी दिसते. वाळू तर बांधकामासाठी उपसून उपसून इतकी कमी झाली की झिरा उकरावयाचा तरी कशात? २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातुराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. आणि पुढे २०२५ चा महापूर आला. कधी घोटभर नाही, कधी गळ्यापर्यंत, असा हा फेरा आहे.

जेथे वाहते पाणी नाही तेथे जे जे टाकावे ते तेथेच राहते. अस्थी, राख, पिंड, निर्माल्य, जुन्या तसबिरी, नारळाच्या शेंड्या आणि हे सारे बांधून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, शिवाय गावाचे सांडपाणी. आम्ही तिला गंगामाई म्हणतो आणि जे आपल्या अंगणात पळभर ठेवणार नाही ते तिच्या ओटीत टाकतो.

घाटावरचे एक बोलणे

काही वर्षांपूर्वी ज्येष्ठात आमच्या मातोश्री गेल्या. ज्या गंगेचे माहात्म्य आम्ही गावोगाव गाइले, तिच्याच घाटावर आम्ही त्यांच्या अस्थी घेऊन उभे होतो. समोर धार नव्हती, एक डबके होते. त्यावर हिरवी साय आणि मधे तरंगणाऱ्या पिशव्या. आईची रक्षा त्यात सोडावी, असे हात म्हणेना. आम्ही तसेच थांबलो आणि मनातील सारा संताप तोंडातून बाहेर पडला. लोकांना धर्म राहिला नाही, नदीची कोणाला चाड नाही, असे बरेच काही आम्ही मोठ्याने बोललो असू.

पायरीवर एक वृद्ध बाई खराट्याने निर्माल्य गोळा करीत होती. तिने खराटा थांबविला आणि म्हणाली, “महाराज, एक बोलू का? राग धरू नका.”

“बोला मावशी,” आम्ही म्हणालो.

“तुमचं कीर्तन मी लई ऐकलंय. जनीनं केर लोटला म्हनून देव तिच्या घरी आला, आसं तुमी सांगता. मंग तो केर आमच्याच वाट्याला का ठिवता? देव भेटायचा आसंल तर तुमालाबी भेटू द्या की.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखाद्याने वाट चुकलेल्यास वाट दाखवावी तसे ती सहज बोलली आणि पुन्हा खराटा चालवू लागली. आम्ही मात्र जागच्या जागी थिजलो. चाळीस वर्षे आम्ही जनीचे आख्यान लाविले, श्रोत्यांना रडविले, शाली-श्रीफळे घेतली. परंतु जनीच्या हातातील केरसुणी आम्ही एकदाही हाती घेतली नव्हती. जिच्या गोवरीतून विठ्ठल ऐकू येई तिची कथा सांगणारे आम्ही. आमच्या वीणेतून तरी तो ऐकू येत होता काय?

त्या दिवशी आम्ही धोतर खोचले आणि मावशींच्या जोडीने तो घाटाचा कोपरा झाडला. दोन तास लागले. नंतर वरच्या अंगास जेथे बरे पाणी होते तेथे जाऊन चिमूटभर अस्थी गंगेस अर्पिल्या आणि उरलेली रक्षा घरी आणून अंगणात खड्डा करून पुरली. तिच्यावर आंब्याचे रोप लाविले. आप्तांपैकी काहींनी नाके मुरडली. आईच्या बाबतीत काही उणे तर केले नाही ना, ही रुखरुख आम्हांसही काही दिवस होती. म्हणून ग्रंथ पुन्हा उघडले.

शास्त्राचा अभिप्राय

पाण्यात मलमूत्र, थुंकी किंवा अमंगळ वस्तू टाकू नये, असा स्पष्ट निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. आपल्या परंपरेत स्नानास निघालेल्याने आधी विहिरीवर अंग धुऊन मग तीर्थात बुडी मारावी, असे वडीलधारे सांगत. कारण तीर्थस्नान अंगाचा मळ काढण्यासाठी नव्हे. अस्थिविसर्जनातही महत्त्व संकल्पाचे आणि श्रद्धेचे आहे. किती शेर राख पाण्यात गेली, यावर पितरांची तृप्ती अवलंबून असावी, असे मानणे पितरांना लहान करणे होय. आणि गोदा या नावाचा अर्थ पाहू गेले, तर ‘गो’ म्हणजे गाय, ‘गो’ म्हणजे भूमी, ‘गो’ म्हणजे स्वर्ग. हे देणारी ती गोदा. जी देणारी आहे तिला आपण काय परत देतो, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने एकदा मांडावा.

क्षेत्र हे एकदा निर्माण होऊन कायमचे राहत नसते. गौतमांनी गंगा आणिली, पण ती पवित्र राखण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतलेले नाही. मुद्गलेश्वराचा पुजारी दर पुरानंतर चिखल काढतो म्हणून तेथे दिवा लागतो. धारासूरचे दगड कोणीतरी पुन्हा नीट बसविले तरच गुप्तेश्वर उभा राहील. ओव्या कोणी टिपून ठेविल्या तरच त्या राहतील. तसेच गंगाखेड ‘दक्षिणकाशी’ राहील ते तिच्या नावामुळे नव्हे, रोज सकाळी पडणाऱ्या केरसुणीमुळे. क्षेत्र राखावे लागते, आणि राखण्याचे काम दासीचे असते. जनीने दासीपणालाच भक्तीचे शिखर केले, याचा अर्थ आम्हांस साठी ओलांडल्यावर, तोही एका खराटेवाल्या मावशीकडून कळला.

यात्रेकरूंस विनंती

आता आमचे कीर्तन कोणी ठरविले की बिदागीआधी आम्ही तीन गोष्टी मागतो. मंडपात व प्रसादात प्लॅस्टिक नसावे. निर्माल्य नदीत न टाकता खड्ड्यात पुरून त्याचे खत करावे. आणि उत्तररंग संपल्यावर यजमानांसह श्रोत्यांनी मंडप स्वतः झाडावा, मगच आरती. आरंभी लोक हसले. आता लेकरे आपण होऊन केरसुण्या घेऊन येतात. शुद्ध एकादशीस पहाटे आम्ही घाटावर जातो. कधी पाचजण असतात, कधी पन्नास. कधी केवळ आम्ही आणि मावशी. नदीस वाहती करणे आमच्या हाती नाही; ते राज्यकर्त्यांचे आणि वरच्या-खालच्या साऱ्या गावांच्या शहाणपणाचे काम आहे. पण आमच्या वाट्याच्या पायऱ्या आमच्या हाती आहेत.

वाचकहो, या आषाढात पंढरीस जाणे घडो वा न घडो, कधी परभणीकडे आलात तर गंगाखेडास अवश्य या. वाटेत पोखर्णीच्या नृसिंहास हात जोडा, धारासूरचे शिल्पवैभव पाहा आणि जनीच्या मंदिरात पळभर टेका. तिच्या नावाने आज येथे शिक्षणसंस्था चालते. जिला अक्षरे शिकण्याची सवड जगाने दिली नाही, तिच्या नावाच्या महाविद्यालयात गंगथडीच्या लेकी पुस्तके छातीशी धरून जातात, हेही डोळे भरून पाहा. मग घाटावर या. अस्थी आणल्या असतील तर थोड्या आणा, पिशवी परत न्या. फुले वाहिलीत तर ती उचलण्याची तयारी ठेवा.

आणि ज्यांना येणे घडणार नाही त्यांनी आषाढ वद्य त्रयोदशीस पहाटे आपले अंगण स्वतःच्या हाताने झाडावे. नोकराकडून नव्हे, सुनेकडून नव्हे. घरातील कर्त्या पुरुषाने. झाडताना विठ्ठलाचे नाव घ्यावे. जनीची पुण्यतिथी याहून चांगली साजरी होईल, असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या अंगणातील आंब्यास गेल्या वर्षी पहिला मोहोर आला. पहाटे त्याच्याखाली झाडताना पाचोळ्याचा जो आवाज होतो, तो जात्याच्या घरघरीसारखा वाटतो. आई दळीत असावी, असा भास होतो. आणि आम्ही झाडीत राहतो.

रामकृष्णहरि.